सगळ्यात मोठा आकडा

नोकरीची शेवटची काही वर्षं मी पेशंटच्या अंगाला जवळपास हात न लावता काढली. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, ड्रेसिंग नाही. एक टेबल, एक खुर्ची, एक बटणांचा मोबाईल आणि आलेखाच्या कागदांचा गठ्ठा. वॉर्डातल्या मैत्रिणी जाता-येता टोमणा मारायच्या, "तुझं बरंय बाई, बसून राहायचं आणि मोबाईल बघायचा." मी म्हणायचे, "या ना मग, उद्यापासून तुम्हीच बसा." एकजणही कधी बसली नाही. रोज सकाळी साठ-सत्तर निरोप वाचायचे आणि प्रत्येकाला बटणं दाबून दाबून उत्तर द्यायचं, हे काय दुखणं आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी छातीच्या दवाखान्यात सिस्टर होते. दम्याच्या माणसाची श्वासनळी आकसते ती बहुतेक वेळा एकदम नाही आकसत. दोन-चार दिवस आधीपासून त्याची फुंकर कमी होत जाते. हे मोजायला वीतभर लांबीची एक प्लॅस्टिकची नळी असते. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीचं टोक ओठांत घट्ट धरायचं आणि एका झटक्यात फुंकायचं. काटा सरकतो आणि एका आकड्यावर थांबतो. कुणाचा तीनशे, कुणाचा पाचशे. दुसऱ्याच्या आकड्याशी आपल्याला घेणं-देणं नाही. आपला स्वतःचा चांगल्या दिवसातला आकडा धरायचा. त्याच्या जवळपास असलो तर हिरवा, बराच खाली आलो तर पिवळा, निम्म्याच्या खाली गेलो तर लाल. लाल म्हणजे घरात थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आमच्या मोठ्या सरांच्या मनात आलं, की पेशंटला ही नळी घरी द्यावी. त्याने रोज सकाळी आकडा मेसेजने पाठवावा आणि आपण हिरवा, पिवळा का लाल ते कळवावं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि दुष्काळ लागोपाठ चालले होते. नुसत्या तपासणीसाठी गावाकडच्या माणसाचा अख्खा दिवस मोडायचा. घरात प्यायला पाणी टँकरचं, पण मोबाईल मात्र घरोघर आलेला. कल्पना चांगलीच होती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही. त्या टेबलावर बसायला माझं नाव पुढे आलं, कारण माझे गुडघे गेले होते आणि वॉर्डात माझी चिडचिड सगळ्यांना नकोशी झाली होती.

नमुने एकेक होते. सिडकोतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना नुसता आकडा पाठवणं अपुरं वाटायचं. "आज प्रातःकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पूर्वेकडे तोंड करून फुंकले असता चारशे दहा भरले," असा त्यांचा निरोप दोन तुकड्यांत यायचा आणि पुष्कळदा दुसरा तुकडा आधी. एकदा मी 'पिवळा' कळवलं तर गृहस्थ थेट टेबलासमोर हजर. "बाई, कितीपैकी?" मी म्हटलं, "सर, हे मार्क नाहीत." "मग पास का नापास तेवढं सांगा." त्यांना मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही.

युसूफभाई रिक्षा चालवायचे. ते मेसेज लिहायचेच नाहीत, सरळ फोन लावायचे. "हौ सिस्टर, तीन सौ दस. पर आज जालना रोड पे भौत धूल है." त्या वर्षांत शहर चहूबाजूंनी खणलेलं होतं. कुठे पूल, कुठे पाइपलाइन, कुठे नवी वसाहत. आज कुठला रस्ता खणलाय हे मला वर्तमानपत्राच्या आधी युसूफभाईंच्या आकड्यावरून कळायचं.

पण मला सांगायचंय ते गयाबाईबद्दल.

गयाबाई शेंद्र्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. पस्तिशीची, काटक, बोलायला कमी. घरची मेंढरं होती. नवरा चाऱ्याच्या मागे मेंढरं घेऊन पाचोडच्याही पुढे गेलेला, दोन-दोन महिने त्याचं तोंड दिसायचं नाही. घरी सासू, धाकटा दीर रंगनाथ आणि त्याची बायको मंदा. रंगनाथ शेंद्र्याला कंपनीत पहिल्या पाळीला जायचा. मोबाईल त्याचा. मंदा सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून मेसेज पाठवायचं काम तिच्याकडे. औषधं सुरू करून पंधरा दिवस झाल्यावर नळी शिकायला मी गयाबाईला बोलावलं, तेव्हा सासू आणि मंदा तिच्याबरोबर आल्या.

माझी शिकवायची एक पद्धत होती आणि मला तिचा फार अभिमान होता. नवीन पेशंटच्या हातात मी नळी आधी द्यायचे नाही. दम्याचा माणूस फुंकायला भितो. त्याला वाटतं, जोर केला की खोकल्याची उबळ येणार. म्हणून मी आधी बरोबरच्या माणसांना फुंकायला लावायचे. दर वेळी नळीच्या टोकाला पुठ्ठ्याचं नवं तोंड लावायचं आणि नळी पुढच्याला द्यायची. जरा हसणं-खिदळणं होतं, भीती जाते, मग पेशंट. त्या दिवशीही तसंच केलं. सासू तंबाखू थुंकून आली आणि तिने फुंकलं. दोनशे साठ. मंदाने पदर खोचला आणि फुंकलं. तीनशे साठ. म्हातारी म्हणाली, "हिच्यात लई वारं हाय, शिष्टर." गयाबाईसुद्धा हसली, आणि हसता हसता तिने फुंकलं ते तीनशे चाळीस.

"झालं की," मी म्हटलं. "रोज सकाळी असंच करायचं. तीनदा फुंकायचं आणि तिन्हीतला सगळ्यात मोठा आकडा पाठवायचा."

तीनदा अशासाठी, की एखादी फुंकर चुकते, ओठ सैल राहतात. मंदा म्हणाली, "व्हय, कळलं."

दुसऱ्या दिवसापासून गयाबाईच्या नावाने मेसेज सुरू झाले. साडेसहाच्या आत, रंगनाथ कामाला निघायच्या आधी. तीनशे पन्नास. तीनशे साठ. तीनशे पन्नास. एक दिवस खंड नाही. मी उत्तर पाठवायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी: "हिरवा. छान. औषध चालू ठेवा." महिन्याभराने तिच्या आलेखाची रेघ बघितली तर पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. शिकायला येणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना दाखवायचे, "बघा, वस्तीवरची बाई आहे, अक्षर ओळखत नाही, पण शिस्त बघा. नाहीतर तुम्ही."

वीस-बावीस वर्षं छातीच्या वॉर्डात काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की दम्याच्या माणसाचा आलेख असा सरळ नसतो. धुरळा उठला, चूल धुरली, मेंढरांची लोकर कातरली, की तो हलतो. गयाबाईचा हलत नव्हता. मला त्याचं कौतुक वाटत राहिलं. शंका एक दिवसही आली नाही, हे मी आज कबूल करते.

आमचा आणखी एक नियम होता. आकडा सतत हिरवा असेल त्याने दर महिन्याला यायचं नाही, तीन महिन्यांनी यायचं. खेप वाचवायची म्हणूनच तर हे सगळं होतं. त्यामुळे गयाबाई मला मधे दिसलीच नाही.

मग सरांना कुठल्याशा डॉक्टरांच्या बैठकीत या कामाबद्दल बोलायचं होतं. ते म्हणाले, "पेशंट घरी कसं करतो त्याचे दोन-चार फोटो हवेत." मी लगेच गयाबाईचं नाव सांगितलं. मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या राहिल्या असत्या. पहाटे दवाखान्याची जीप घेऊन निघालो. चिकलठाणा मागे पडलं, कंपन्यांच्या भिंती, दिवे, पाट्या मागे पडल्या, आणि रस्ता सोडून आत वळल्यावर दोन्हीकडे नुसती भेगाळलेली रानं. वस्तीवर पोचलो तेव्हा रंगनाथ डबा हातात घेऊन तयार होता आणि मंदाच्या हातात त्याचा मोबाईल होता.

"शिष्टर, तुमी आमच्याकडं?" म्हातारी चुलीपासून उठली. "आन् कळवायचं नाय व्हय?"

"चहा नंतर. आधी तुमचं रोजचं काम होऊ द्या. मी नुसती बघते."

गयाबाई घरामागून आली. टँकरच्या टाकीवरून भरलेला हंडा डोक्यावर. तिने तो उतरवला आणि छपराच्या मेढीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. माझ्याकडे बघून हसली, बोलली नाही. बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता. खांदे वर ओढले जात होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत जात होती. असे खांदे मी जन्मभर बघितले आहेत.

मी काही बोलेपर्यंत त्यांचं काम सुरू झालं होतं. सासूने नळी उचलून फुंकलं. मग मंदाने फुंकलं आणि काटा बघितला. मग नळी गयाबाईला दिली. तिने फुंकलं. काटा एकशे चाळीसवर थांबला. मंदाने भराभर बटणं दाबली आणि माझ्या पर्समधला दवाखान्याचा मोबाईल वाजला. उघडून बघितलं. तीनशे पन्नास.

"मंदा, हा कुणाचा आकडा?"

"माझा. सगळ्यात मोठा हाय ना."

"रोज असंच करता?"

"रोज. तिघी बी फुंकतो. एक दिस चुकलो नाय, शिष्टर." तिला शाबासकी हवी होती, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शाबासकी द्यायला वेळ नव्हता आणि रागवायलाही नव्हता. गयाबाईचा औषधाचा पंप मागवला. हलवून बघितला तर रिकामा. या पंपाचं असं असतं, औषध संपलं तरी दाबला की गॅस निघत राहतो. "कधीपासून असा हलका लागतोय?" म्हटलं तर म्हातारी म्हणाली, "फुस्स तर व्हतंय की." माझ्या बॅगेतल्या पंपाने औषध देत देत गयाबाईला जीपमध्ये बसवलं. फोटो राहिले ते राहिले. मंदा आणि सासू अंगावरच्या कपड्यांनिशी मागे चढल्या. ड्रायव्हरने जीप अशी हाणली, की सिग्नलवरचा पोलीससुद्धा बाजूला झाला.

वाचली. ऑक्सिजन, वाफेचं औषध, सलाईनमधून स्टेरॉइड, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उशीला टेकून बसली आणि मला हायसं वाटलं.

मंदाचं मात्र काही खरं नव्हतं. सासू उठता-बसता तिला बोलत होती. "हिला कुणी सांगितलं व्हतं मधी फुंकाया? आपलंच मोठेपण. थोरली मरती का जगती, हिला काय." मंदा व्हरांड्यातल्या नळाशी जाऊन रडायची, तोंड धुऊन परत यायची आणि गयाबाईचे पाय दाबत बसायची. केसपेपरवर सरांनी लिहिलं होतं, 'नातेवाइकांकडून चुकीच्या नोंदी.' मी ते वाचलं आणि केसपेपर परत जागेवर ठेवला. खोटं कशाला बोलू, वाचून मला बरंच वाटलं. चूक नातेवाइकांची. अडाणी माणसं, काय करणार, असं मी मनाशी दोन दिवस म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी बिडकीनचा एक नवा पेशंट आला. बरोबर बायको आणि भाऊ. मी नेहमीसारखं पुठ्ठ्याचं तोंड लावलं आणि नळी भावाला दिली, मग बायकोला, मग पेशंटला. आणि म्हटलं, "छान. रोज सकाळी असंच करायचं. तीनदा फुंकायचं."

त्याची बायको म्हणाली, "मंजी आमी तिघांनी बी रोज फुंकायचं ना?"

मी नळी परत हातात घेतली. ती काही वावगं विचारत नव्हती. तिने जे डोळ्यांनी बघितलं तेच ती विचारत होती. तीन माणसं, तीन फुंका, सगळ्यात मोठा आकडा. मंदाने कुठलीही चूक केलेली नव्हती. मी जसं करून दाखवलं होतं तसं, एक दिवस न चुकता, तिने केलं होतं. त्या बिडकीनच्या बाईला मी नीट समजावलं, की फक्त पेशंटनेच तीनदा फुंकायचं, आणि टेबल सोडून वॉर्डाकडे निघाले. जिना चढताना दोनदा वाटलं, उद्या सांगू. बदनामी कुणाला हवी असते?

वॉर्डात तिघीही होत्या. मी सासूसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आजी, मंदाला बोलू नका. चूक तिची नाही, माझी आहे. त्या दिवशी मीच तुम्हा तिघींना फुंकायला लावलं आणि असंच करा म्हणून सांगितलं. तिने माझं ऐकलं."

म्हातारीला ते पटेना. "शिष्टर, तुमी शिकलेल्या. तुमचं कसं चुकंल?"

"चुकलं."

मंदा पायाशी बसली होती. तिने मान वर केली नाही, पण पाय दाबता दाबता तिचे हात थांबले. मग ती उठून बाहेर गेली, आणि या खेपेला नळाकडे न जाता व्हरांड्याच्या बाकावर टेकून बसली.

मी गयाबाईला विचारलं, "इतका दम लागत होता, तर सांगितलं कामून नाही? एक फोन करायचा होता."

ती एकेका वाक्याला थांबत बोलली. "रोज सांजच्याला रंगनाथ भावजी तुमचा निरोप वाचून दाखवायचे. हिरवा, छान हाय म्हणून. मी आत्याबाईला म्हणलं व्हतं, दम लागतोय. त्या म्हणल्या, दवाखाना छान म्हणतोय, तुला कामाचा कटाळा आलाय. मग मलाबी तसंच वाटाया लागलं. म्हणलं, आपणच आळशी झालोत. इतक्या लांबून शिष्टरला दिसतंय, तर तेच खरं आसंल."

सासूने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पेशंटच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत. एकाने ताट फेकून मारलं होतं. पण या सरळ, तक्रार नसलेल्या बोलण्याने मला जेवढं लागलं तेवढं त्या ताटाने लागलं नव्हतं. दम लागतोय हे त्या बाईचं तिला कळत होतं. मी रोज सकाळी टेबलाशी बसून, चहा पीत, ते खोटं ठरवत होते. आणि संध्याकाळी तिच्याच घरात ते मोठ्याने वाचलं जात होतं.

सरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. केसपेपरवरच्या ओळीखाली त्यांनी माझ्या समोर आणखी एक ओळ लिहिली, प्रात्यक्षिक देण्यात सिस्टरची चूक. मीच तसं लिहा म्हटलं होतं, तरी वाचताना कान गरम झाले. त्यानंतर मी बरोबरच्या माणसांच्या हातात नळी देणं बंद केलं. 'छान' हा शब्दही उत्तरातून काढून टाकला. मेसेजमध्ये आधी 'कसं वाटतंय' ते लिहायचं आणि मग आकडा, असा नवा नियम केला. मुख्याध्यापकांना तो फार आवडला, त्यांचे निरोप तीन तुकड्यांत यायला लागले.

गयाबाईला मी घरी जाण्याआधी वॉर्डातच मोबाईलची बटणं शिकवली. अक्षरं राहू दिली, नुसते आकडे; आकडा घसरला की कसं वाटतंय ते मी फोनवर विचारणार होते. शून्यापासून नऊ. दोन दिवसांत शिकली. मंदाने शेजारी बसून सराव करून घेतला. माझ्यापेक्षा तिची शिकवणी जास्त कडक होती.

घरी गेल्यावर आठ-दहा दिवस गयाबाईचे आकडे येत राहिले. तीनशे, तीनशे दहा, दोनशे नव्वद, तीनशे वीस. वर-खाली, वर-खाली. तिच्या नव्या आलेखाची रेघ वाकडीतिकडी होती आणि मला ती बघायला आवडायची. मग एका सकाळी आकडा आला, एकशे नव्वद.

पिवळा, आणि लालच्या अगदी जवळ. मी उत्तर लिहीत बसले नाही, फोन लावला. मंदाने उचलला. म्हणाली, "जाऊबाईला बरं नाय म्हणून हे फोन घरीच ठेवून गेलेत," आणि फोन गयाबाईला दिला.

"गयाबाई, कसं वाटतंय?"

"दम लागतोय, शिष्टर." आवाज बारीक नव्हता. घरात ऐकू जाईल असं ती बोलत होती.

"पंप घेतला? भरलेला आहे ना?"

"घेतला. दोनदा घेतला. मंदा घड्याळ धरून बसली हाय."

"थोड्या वेळाने परत फुंका. वर आला नाही तर लगेच निघायचं. आणि हे बघा, आज पाण्याला अजिबात जायचं नाही. मी आजींशी बोलते, त्यांना द्या फोन."

"त्या नाय घरात," गयाबाई म्हणाली. "हंडा घिऊन त्याच गेल्यात. मला म्हणल्या, तुला दम लागतोय, तू बस."